शिरोडकर कोण कोण, आणि कुठलं शिरोडें?

खडपाबांध:
शिरोडकर आडनाव सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, 'नम्रता तुमची कोण लागते?' आणि माणूस हैदराबादकडचा असला तर तो नम्रतावर थांबतच नाही, थेट महेश बाबूवर जातो. आईचं माहेर शिरोडकरांचं, त्यामुळे मामा आणि मामेभावंडं हे जन्मभर ऐकत आलीत. नम्रताबद्दल माझी काही तक्रार नाही, १९९३ ची मिस इंडिया, पुढे सिनेमे केले, नाव झालं. पण ज्या आडनावाचा टाका जगभरच्या ऑपरेशन थिएटरात घातला जातो त्या आडनावाची ओळख एवढ्यावरच यावी हे मला पटत नाही.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९, आपल्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याचे. मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज, मग इंग्लंडात जाऊन एफआरसीएस, परत येऊन मुंबईतच शिकवलं आणि ऑपरेशनं केली. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी त्यांनी जो टाका काढला तो १९५५ मध्ये छापून आला आणि तेव्हापासून डॉक्टरीच्या पुस्तकांत 'शिरोडकर स्टिच' म्हणूनच आहे. १९६० ला पद्मभूषण, १९७१ ला पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. फोंड्यात दहा जणांना विचारा, नऊ जणांना माहीत नसेल, शिरोड्यात तरी किती जणांना असेल देव जाणे.

तर ह्या धाग्यावर शिरोडकर जमवूया. अट एकच, 'आमच्या बिल्डिंगमधले शिरोडकर फार चांगले आहेत' असलं नको, लोकांना ठाऊक असलेली माणसं सांगा.

मिरामारचा वारा:
पां. पु. शिरोडकर कसे विसरलात? पांडुरंग पुरुषोत्तम. गोवा, दमण, दीव विधानसभेचे पहिले सभापती. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री आणि खुर्चीवर हे. त्याच्या आधी पोर्तुगिजांनी त्यांना अंगोलात हद्दपार केलेलं. नुसतं 'आग्वादच्या तुरुंगात होते' असं नाही हो, समुद्रापलीकडे आफ्रिकेत. आपल्याकडे हद्दपारी म्हटलं की पोर्तुगालमधला पेनिशचा किल्ला आणि त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे ही नावं येतात, अंगोलात पाठवलेल्यांचं कोणी काढतच नाही.

आणि आत्ताचे सुभाष शिरोडकर आहेतच की, शिरोडा मतदारसंघाचे आमदार. आडनावही तेच आणि मतदारसंघही तोच, असं दुसरं उदाहरण गोव्यात पटकन सापडत नाही.

लेबररूम:
टाक्याचा विषय निघालाय तर थोडं लिहिते, कामच ते आहे.

काही बायकांना पहिले तीन महिने सुरळीत जातात आणि मग चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात, कळा नाहीत, रक्तस्राव फारसा नाही, अचानक गर्भपिशवीचं तोंड उघडतं आणि मूल जातं. पुढच्या वेळी परत तेच. पूर्वी ह्याचं खापर बाईवरच फुटायचं, वजन उचललं असेल, जिने चढली असेल, कोणाची तरी नजर लागली असेल. डॉक्टर सांगायचे पडून राहा, बस. शिरोडकरांनी काय ओळखलं, तर इथे मूल ठीक आहे, आई ठीक आहे, दुबळं आहे ते पिशवीचं तोंड, मग तेच वेळेआधी बांधून टाकू. ऐकायला सोपं वाटतं पण करताना मूत्राशय जरा वर सरकवून आतल्या तोंडाच्या पातळीपर्यंत पोचावं लागतं, आणि तिथे गोल फिरवून बांधायचं. सुरुवातीला ते बांधायला मांडीतल्या स्नायूवरच्या पांढऱ्या आवरणाची पट्टी काढून घ्यायचे, पेशंटच्याच मांडीतली. नंतर टेप आली.

१९५७ ला ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्डने सोपी रीत काढली, त्यात वरपर्यंत जावं लागत नाही, टाका बाहेरच्या बाजूला बटव्याच्या नाडीसारखा ओढून घ्यायचा. खरं सांगायचं तर हल्ली आम्ही बहुतेक जणी मॅकडोनाल्डच घालतो, घालायला सोपा आणि काढायलाही. साधारण १२ ते १४ आठवड्यांत घालतात आणि ३६-३७ व्या आठवड्याला काढतात. पण मॅकडोनाल्ड पुरत नाही अशी केस आली की शिरोडकर आठवतातच. परीक्षेत तर दोघांतला फरक हमखास विचारतात.

भाताची कोंडी:
मला घातलेला टाका. कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. फाइलीवर मोठ्या अक्षरात 'शिरोडकर' लिहिलेलं आणि खाली तारीख, सासूबाई बिचाऱ्या दोन दिवस माझ्या उशाशी बसून होत्या, तिसऱ्या दिवशी नर्सला गाठून विचारतात, 'गे बाय, हे शिरोडकर डॉक्टर राऊंडला येतात तरी कधी, एकदाही तोंड दाखवलं नाही.' नर्सला हसू आवरेना. मुलगा आता कॉलेजला आहे, त्याला घरात चिडवायला आम्ही शिरोडकरांचा म्हणतो.

मोचेमाडकाठ:
धाग्याचं नाव वाचून आलो आणि वाटलंच होतं हे असं होणार. शिरोडा म्हटलं की तुमचा फोंड्याचाच का? वेंगुर्ले तालुक्यातलं शिरोडा नाही का? १९३० चा मिठाचा सत्याग्रह कुठे झाला, आमच्या शिरोड्याच्या मिठागरांवर. वि. स. खांडेकर कुठल्या शाळेत मास्तर होते इतकी वर्षं, आमच्या शिरोड्यात. मुंबईतल्या निम्म्या शिरोडकरांना विचारा, ते आमच्या माउली देवीचं नाव घेतील, तुमच्या शिरोड्याच्या कामाक्षीचं नाही. डॉक्टर तुमचे, मान्य, पण बाकीचे सगळे परस्पर गोव्याच्या खात्यावर जमा करू नका.

खडपाबांध:
खांडेकर शिरोड्यात राहिले म्हणून शिरोडकर होत नाहीत, त्यांना यादीत कशाला ओढता. बाकी तुमचा मुद्दा रास्त आहे, दोन शिरोडा आहेत आणि दोन्हीकडून माणसं मुंबईला गेली. पण मी परस्पर खात्यावर घातलेलं नाहीय. डॉक्टरांचं गाव नक्की माहीत आहे म्हणून गावासकट लिहिलं, ज्यांचं माहीत नाही त्यांचं नुसतं नाव घेतलं.

मोचेमाडकाठ:
अहो चिडू नका, गंमत केली. पण हे लक्षात घ्या, एक आडनाव म्हणजे एक घराणं हे तुमच्या देशावरच्या भोसले-जाधवांचंसुद्धा खरं नाही, आमच्या किनाऱ्यावर तर मुळीच नाही. माणूस गाव सोडतो, दुसऱ्या गावात लोक विचारतात कुठला रे तू, तो गाव सांगतो, झालं, त्याच्या पोरांचं ते आडनाव. त्याच गावातून ब्राह्मण गेला, भंडारी गेला, सुतार गेला, देवळी गेला, सगळे शिरोडकर. ह्यांचं एकमेकांशी नातं काय, तर त्यांचे पूर्वज एकाच विहिरीचं पाणी प्यायले असतील, नसतीलही.

मिरामारचा वारा:
आणि म्हणूनच ज्या गावाचं आडनाव त्या गावात ते आडनाव कमी सापडतं. शिरोड्यात राहणाऱ्याने स्वतःला शिरोडकर म्हणून काय उपयोग, सगळेच तिथले. गावात राहिलेले नाईक, प्रभू, कामत, गांवकर. कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, जुन्या गांवकारांची नावं बघा, गावाच्या नावाचे आडनाव क्वचितच.

बोरीचो पूल:
@मिरामारचा वारा, वर तुम्हीच सुभाष शिरोडकरांचं उदाहरण दिलंत, शिरोड्यात राहून शिरोडकर.

मिरामारचा वारा:
'क्वचितच' लिहिलंय, 'कधीच नाही' असं नाही. वाचा की नीट.

सांगेकार:
शिरोडकर सोडून बोललं तर चालतं का इथे? कारण गावाच्या नावावर माणूस मोठा झाला आणि गावच गेलं अशी गोष्ट आमच्या सांगे तालुक्यात आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकर, जन्म १९०४. कुर्डी साळावलीच्या धरणात गेली. तिथली माणसं वाडे आणि वालकिणीच्या वसाहतीत नेऊन बसवली, महादेवाचं जुनं देऊळ दगड दगड सुटा करून दुसरीकडे परत उभारलं. पाणी उतरतं तेव्हा मे महिन्यात गाव वर येतो, जोती, तुळशीवृंदावनं, सुकलेली झाडांची खोडं, आणि लोक हात करून दाखवतात, ते मोगूबाईचं घर. नुसता चौथरा आहे पण दाखवतात. त्या दिवसांत गावचे लोक जमतात, देवाचं करतात, जेवण होतं, आणि पाऊस आला की परत सगळं पाण्याखाली. वाडेत आमचा एक वर्गमित्र आहे, त्याचं आडनाव वेगळंच, कुर्डीकर नाही. गाव असताना कोणी कुर्डीकर नव्हतं, गाव गेल्यावर कुर्डीकर म्हणवून घ्यायला आता उशीर झाला असं तो म्हणतो.

चोर्लाघाट:
केरकर घ्या ना मग, शिरोडकरांना दोन गावं तर आमच्याकडे केरी तीन. फोंड्याची केरी, पेडण्याची केरी तेरेखोलच्या तोंडाशी, आणि आमची सत्तरीची केरी, चोर्ला घाट जिथून चढतो आणि अंजुणे धरण जिथे आहे ती. केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या, जन्म १८९२. राजेंद्र केरकर, म्हादई आणि पर्यावरणवाले, ते आमच्या सत्तरीचे. चित्रकार सुबोध केरकर ज्यांनी पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा काढलं, मूळ डॉक्टर माणूस. तिघं केरकर, तिघांची क्षेत्रं वेगळी, आणि दर वेळी कोणीतरी विचारतोच, राजेंद्रबाब केसरबाईंचे नातू का?

केसरबाईंचं एक सांगतो. व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली त्यात भारताचं गाणं एकच, केसरबाईंची भैरवी. यानं सुटली १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, पहिलं २० ऑगस्टला, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. केरीची बाई सूर्यमालेबाहेर पोचली, आणि आपण इथे भांडतोय कुठली केरी.

लेबररूम:
@चोर्लाघाट, बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं केसरबाई पेडण्याच्या केरीच्या.

माहेर_म्हापसा:
तुम्ही सगळे पुरुष मंडळी आडनावाचं गाव शोधताय पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. तुमच्या ह्या यादीतल्या बायकांची आडनावं त्यांची नाहीतच.

मीनाक्षी शिरोडकर. नम्रता आणि शिल्पाची आजी. 'ब्रह्मचारी' १९३८ चा, मास्टर विनायक आणि अत्रे, त्यात ही बाई पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरली आणि महाराष्ट्रात खळबळ. तिचं मूळ नाव रतन पेडणेकर. शिरोडकर लग्नाने. म्हणजे सिनेमातलं शिरोडकर हे जे तीन पिढ्यांचं नाव तुम्ही मिरवताय, त्याची सुरुवात एका पेडणेकरांच्या मुलीने केली.

शशिकला काकोडकर, गोव्याच्या पहिल्या आणि अजूनपर्यंत एकमेव महिला मुख्यमंत्री, १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि ताई बसल्या, बांदोडकरांची लेक, लोकांच्या लक्षात काकोडकर. किशोरी आमोणकर, मोगूबाई कुर्डीकरांची मुलगी, लग्नाने आमोणकर, आणि आता जगाला आमोणें गाव ठाऊक आहे ते तिच्या सासरच्या नावामुळे. आशाबाई मंगेशकरांच्या, नाव भोसले. म्हणजे गाणं माहेरचं, नाव नवऱ्याकडून. त्यामानाने मोगूबाई आणि केसरबाई बघा, त्यांचं गावाचं नाव त्यांचं स्वतःचं, कोणाच्या घरात जाऊन मिळालेलं नाही. अंजनीबाई मालपेकर, मालप्याच्या, तशाच. ह्या बायकांना घराण्याचं आडनाव द्यायला कोणी पुढे आलं नाही म्हणून त्यांनी गाव घेतला, आणि गावाला मोठं केलं. आता त्यांच्या नावाने संगीत संमेलनं होतात.

सांगेकार:
हे बरें बरयलां तुमी. एकदम बरोबर.

खडपाबांध:
पेडणेकरांचं मला ठाऊक नव्हतं. नाव रतन असल्याचं मामीला सांगितलं तर ती म्हणाली, अरे पण शिरोडकर म्हणून पोस्टरवर आली ना, मग आमचीच. अशी आमची मंडळी.

गावठण९:
[हा प्रतिसाद संपादकांनी काढला आहे.]

संपादक:
आडनावांचा धागा निघाला की तिसऱ्या पानावर कोणीतरी हटकून माणसांच्या जाती काढायला येतोच. इथे ते चालणार नाही. कोण कुठल्या समाजाचं होतं ह्यावर परत लिहिलं तर धागा बंद. बाकी चालू द्या.

मोचेमाडकाठ:
धन्यवाद संपादक. आमच्याकडचा एक अनुभव सांगतो, जात नाही पण त्याच्या जवळचाच. लग्नाची बोलणी करायला गेलो होतो चुलत भावासाठी, मुलीकडचेही शिरोडकर. घरात पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे पडले, एकच आडनाव, भाऊबहीण लागतात की काय. मग म्हाताऱ्याने एकच विचारलं, कुळदेव कोण तुमचा? त्यांचा वेगळा, आमचा वेगळा, गोत्र वेगळं, मग चहा आला. आडनाव एकच आहे म्हणून काही अडलं नाही. पत्रिकेवर वर देवाचं नाव छापतात ना ते उगीच नाही, खरा पत्ता तो आहे, आडनाव नुसतं गावाचं.

खडपाबांध:
त्यातही गोव्यात एक मेख आहे. देवच गाव सोडून गेलेत. कामाक्षी शिरोड्याची म्हणतो आपण, पण ती मूळची सासष्टीतल्या रायची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिकडची देवळं मोडायला घेतली तेव्हा तिला नदीपलीकडे शिरोड्याला आणली, कारण फोंडा तेव्हा त्यांच्या हातात नव्हता. म्हणजे कामाक्षी ज्यांची कुळदेवी ते रायचे, ते शिरोडकर असतीलच असं नाही. आणि शिरोडकर जे आहेत त्यांचा कुळदेव कामाक्षी असेलच असंही नाही. मंगेशाचंही तसंच, मूळ कुठ्ठाळीचा, १५६० ला प्रियोळला नेला, जिथे नेला त्या वाडीला मंगेशी नाव पडलं, आणि त्या वाडीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतलं. निर्वासित देवाच्या नवीन पत्त्यावरून आलेलं आडनाव आज जगात सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गोव्याचं आडनाव आहे. जितेंद्र अभिषेकीबुवा त्याच मंगेशीचे, त्यांच्या घरात अभिषेकाचं काम म्हणून अभिषेकी, मूळ आडनाव नवाथे. एका देवळाच्या आवारातून दोन आडनावं बाहेर पडली, एक गावाचं एक कामाचं, आणि दोन्ही गाण्यात.

फातर्पें कॉलनी:
कामावरून आलेली म्हटली तर सरदेसाई आहेत की. मडगावचे दिलीप सरदेसाई, १९७१ ची वेस्ट इंडिज मालिका, ६४२ धावा, किंग्स्टनला २१२. गोव्यात जन्मलेला आणि भारतासाठी कसोटी खेळलेला माणूस, आणि आपण फक्त फुटबॉलचं कौतुक करतो. मुलगा राजदीप टीव्हीवर. दुसरीकडे लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथाकार, त्यांचे चिरंजीव मनोहरराय कोंकणी कवी. बापाने मराठी गाजवली, मुलाने कोंकणी, आणि नंतर बापालाही साहित्य अकादमी कोंकणीतच मिळालं. ह्यावर वेगळा धागा काढायला हवा पण तो काढला की मराठी-कोंकणी सुरू होईल, त्यामुळे नको.

बोरीचो पूल:
नकोच. पण बोरकर राहिले. कवी बाकीबाब बोरकर, १९१० चे, मराठीतही कोंकणीतही, आणि हार्मोनियमचे तुळशीदास बोरकर, २०१६ ला पद्मश्री. दोघंही आमच्या बोरीचे. बोरी म्हणजे शिरोड्याला लागूनच हो, मध्ये फार तर एक टेकडी. एका तालुक्यातून डॉक्टर, गायिका, कवी, हार्मोनियमवाला. पाण्यात काहीतरी आहे म्हणायचं.

मिरामारचा वारा:
काकोडकरांचं पूर्ण करतो, वर अर्धवट राहिलं. अनिल काकोडकर अणुशास्त्रज्ञ, ते पुरुषोत्तम काकोडकरांचे चिरंजीव, ज्यांना पेनिशला पाठवलेलं. जन्म १९४३, मध्य प्रदेशात बडवानीला. शशिकलाताईंचं काकोडकर वेगळं, ते सासरचं. काकोडें एकच, घरं वेगळी. बाहेरच्या पत्रकारांनी किती वेळा दोघांना बहीणभाऊ करून टाकलंय.

दक्षिणायन:
शिरोडकरांनो, तुमचं स्पेलिंग काय आहे? विचारतोय कारण माझं डोकं त्यात गेलंय. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नाव एस ने सुरू होतं, एच नाही, आणि शेवटी के च्या जागी सी. त्या लोकांच्या लिखाणात के जवळजवळ नसायचाच, सगळ्या आपल्या 'कर'वाल्यांना सी लावलेला. आजोबांच्या भावाच्या नोंदीत तेच नाव एक्स ने सुरू. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर एस-एच, के. आता पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद करायची म्हटली तर एजंट म्हणतो ही तीन वेगळी माणसं आहेत, एकच असल्याचं सिद्ध करा. पैसे घेतले तेव्हा मात्र एकच माणूस होता.

चोर्लाघाट:
हाहा. वकील बघ, एजंट नको. एकाच व्यक्तीची ही वेगवेगळी नावं असं प्रतिज्ञापत्र, आणि आजोबांचं लग्न नोंदलेलं असेल तर ती नोंद काढ, त्यात आईबापांची नावं असतात, ती जुळली की स्पेलिंगचं कमी अडतं. नाव सरळ बदलून घ्यायच्या भानगडीत घाईने पडू नको, गोव्यात त्याला १९९० चा वेगळा कायदा आहे, आणि नंतर परत जुन्या कागदांशी जुळवायचं काम वाढतं.

भाताची कोंडी:
आमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे, त्यांची आजी सांगायची की बाटण्याच्या आधी आमचं नाव प्रभू होतं. कुठल्या पाद्रीचं किंवा गॉडफादरचं आडनाव मिळालं ते मिळालं, एका वाड्यात सगळे फर्नांडिस, पुढच्या वाड्यात सगळे डिसोझा. ते पण एकमेकांचे नातेवाईक नाहीत. आपल्यात गावाच्या नावाचा घोळ, त्यांच्यात पाद्रीच्या.

फातर्पें कॉलनी:
म्हणून तर त्यांच्यात घराला टोपणनाव असतं, वाड्यावर सगळे त्यानेच ओळखतात. पोस्टमनलासुद्धा तेच सांगायचं.

खडपाबांध:
दोन दिवस धागा वर आहे, मजा आली. मूळ यादीत भर फार पडली नाही, डॉक्टर, सभापती, आमदार, आजी आणि दोन नाती, पण बाकीचं बरंच आलं. आता माझी एक अडचण. मामाला आता खूळ लागलंय की आपण कुठल्या शिरोड्याचे ते शोधायचं. आजोबा मुंबईत वाढले, त्यांच्या वडिलांनी कुळदेवाचं नाव सांगितलं होतं म्हणतो पण मामाला आठवतं ते नुसतं 'देवी होती'. आता देवी तर कामाक्षीही आणि माउलीही. कुठून सुरुवात करायची?

मोचेमाडकाठ:
घरातल्या म्हाताऱ्या आत्या-मावशांना विचारा, पुरुषांना नाही. ओटी कुठे भरायला जायचे, नवीन नवरीला कुठे नेलं होतं, नारळ कुठल्या देवीला ठेवायचे. बायकांना बरोबर आठवतं. आमच्याकडे माउलीला लग्नानंतर नेतातच, तसं काही ऐकलेलं असलं तर या इकडे, जेवायला घालतो.

मिरामारचा वारा:
गोव्याकडचे निघालात तर कागद मिळण्याची शक्यता जास्त. इथली देवळं पोर्तुगीज काळापासून देवस्थानच्या कायद्याखाली आहेत, प्रत्येक देवळाच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या कारभारात हक्क असलेल्यांची, नावनिशीवार यादी असते आणि मामलेदार त्यावर देखरेख करतो. फोंडा मामलेदारकडे जायचं. नाव यादीत नसलं तरी निराश होऊ नका, महाजन नसलेले कुळावीही, म्हणजे तो कुळदेव मानणारे, असतात, ते यादीत येत नाहीत पण भटाला ठाऊक असतात. पणजोबांचं नाव पूर्ण घेऊन जा, बापाच्या नावासकट, नुसतं शिरोडकर सांगून तो हसेल.

माहेर_म्हापसा:
पणजीचं माहेर कुठलं तेही लिहून न्या. कधी कधी तिच्याकडूनच सापडतं.

बोरीचो पूल:
आणि अमावास्येला जाऊ नका. शिरोड्याला त्या दिवशी कामाक्षीला गर्दी असते, भटाला श्वास घ्यायला वेळ नसतो, तो तुमचा पणजोबा कुठे शोधत बसणार. मधल्या वारी सकाळी जा, पूजा आटपली की बाहेर ओसरीवर बसतात, तेव्हा विचारा.

खडपाबांध:
बुधवारी मामाला घेऊन निघतो. मामी पण येते म्हणते, तिला सांगितलं गाडीत जागा आहे, पण डॉक्टरांचं घर शिरोड्यात कुठे होतं ते पण विचारून घेऊ म्हणते. बघू कोण सांगतो.